डासांचा बंदोबस्त आणि घरपट्टी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे मुंबईच्या नागरिकाला डासांची आठवण होते, आणि डासांबरोबर महानगरपालिकेचीही. जूनमध्ये भिंतींवर सूचनाफलक झळकतात, जुलैत गल्लीबोळांतून धुराची यंत्रे फिरू लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरात रुग्णालयांत खाटा मिळेनाशा होतात, वृत्तपत्रांतून ओरड होते, अधिकारी आकडे वाचून दाखवतात. आणि दारोदारी आकाशकंदील लागेपर्यंत सर्वांस सर्व गोष्टींचा विसर पडलेला असतो. वर्षानुवर्षे चाललेला हा क्रम बदलावयाचा असेल तर ज्या प्रश्नाला आजवर बगल दिली गेली तो सरळ विचारला पाहिजे. डासांच्या बंदोबस्ताचा खर्च कोणी द्यावा, कोणत्या प्रमाणात द्यावा, आणि दिलेल्या पैशाचा हिशेब कोणी मागावा? आमचे उत्तर असे की, हा खर्च शहरातील जमीनजुमल्याने, घरपट्टीच्या बिलातील एका स्वतंत्र रकमेच्या रूपाने, उचलावा. मात्र ती रक्कम वेगळी राखली जाईल, विभागवार खर्च होईल आणि तिचा हिशेब बिलाबरोबरच करदात्याच्या हाती पडेल, या अटींवर. अटी पाळल्या जाणार नसतील तर या आकारणीला आमचा पाठिंबा नाही, हेही आरंभीच सांगून टाकणे बरे.

कर म्हटला की कपाळाला आठी पडते, आणि ती पडणे स्वाभाविक आहे. म्हणून हा भार जमीनजुमल्यावरच का, हे प्रथम पाहू. शहराला उपद्रव देणारे डास मुख्यतः तीन जातींचे आहेत. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा विहिरी, गच्चीवरील टाक्या, हौद आणि बांधकामाच्या जागी साठवलेले पाणी यांत वाढतो. डेंगी आणि चिकुनगुनिया यांचा वाहक एडिस इजिप्ती याला तर याहूनही थोडे पाणी पुरते. कुंडीखालची बशी, टाकून दिलेला टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेला पाऊस, फ्रिजच्या मागची थाळी, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. तिसरा क्युलेक्स, हत्तीरोगाचा वाहक. तो गटारांतील घाण पाण्यात रमतो. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास अनुकूल हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणजे आठवड्यातून एकदा साठलेले पाणी ओतून टाकले, टाकीचे झाकण घट्ट बसवले, विहिरीत गप्पी मासे सोडले, तर हा शत्रू जन्मालाच येत नाही. आता त्याच्या जन्मस्थानांची ही यादी पुन्हा एकवार वाचावी. गटारे वगळली तर त्यांतील बहुतेक सर्व स्थाने कोणाच्या तरी मालकीच्या आवारात आहेत. रस्त्यावरून फिरणाऱ्या धुराच्या यंत्राला तेथे शिरकाव नाही. तो धूर फार तर त्या घटकेस उडत असलेले डास मारतो; गच्चीवरील टाकीतल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

शिवाय डास ज्या आवारात जन्मतो त्याच आवारात राहतो असेही नाही. दहा सोसायट्यांनी आपापल्या टाक्या झाकल्या आणि अकरावीने झाकली नाही, तर दहांच्या मेहनतीवर पाणी पडते, आणि अकरावीच्या हयगयीची शिक्षा शेजारच्या चाळीतील मुले भोगतात. उलट बाजूनेही हेच खरे आहे. एखाद्या धनिकाने कितीही खर्च केला तरी डासमुक्त हवा त्याला एकट्यापुरती विकत घेता येणार नाही. ती सर्वांना मिळून घ्यावी लागते, अथवा कोणालाच मिळत नाही. जे नुकसान एकाच्या मिळकतीतून उठून दुसऱ्याच्या घरात शिरते आणि जो लाभ परिसरातील प्रत्येक मिळकतीस पोचतो, त्याचा खर्च त्या परिसरातील मिळकतींनी प्रमाणशीर वाटून घ्यावा, यात अन्याय कोणता? निरोगी वस्तीतील घराला भाडे अधिक येते आणि किंमतही अधिक येते. तो लाभ मालकाच्या पदरात पडतो. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पण गावाने करावयाच्या कामाला गावानेच वर्गणी द्यावी लागते, हा तिचा उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरतो.

कायदा नाही अशी स्थिती मुळीच नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या ३८१ व्या कलमाखाली साचलेल्या पाण्याबद्दल मालकास नोटीस देता येते, आणि नोटीस न मानणाऱ्यास न्यायालयात खेचता येते. महापालिकेचा कीटकनाशक विभाग दरवर्षी अशा नोटिसा काढतो. तथापि नोटीस ही तपासणीनंतर निघते, आणि तपासणी करण्यासाठी माणूस लागतो. त्याला शिडी चढून प्रत्येक टाकीचे झाकण उघडावे लागते, आठवड्यागणिक फेरी करावी लागते, अळ्या ओळखता याव्या लागतात. हेच मूषकांचे. रात्रपाळीला एका हाती विजेरी आणि दुसऱ्या हाती काठी घेऊन उंदीर मारणारे कामगार या शहरात आहेत. एका रात्री तीस उंदीर, असे त्यांना नेमून दिलेले काम असे, ही गोष्ट या शहरातील किती सुशिक्षितांस ठाऊक असेल? अशा माणसांचा पगार केवळ पावसाळ्याचे चार महिने देऊन भागत नाही. एडिसची अंडी मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या भांड्यांच्या कडेला वाट पाहत असतात. त्याच वेळी भंगार उचलणारा आणि टाक्या तपासणारा हात फिरला पाहिजे. सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही.

मुंबईला हा धडा नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचा पहिला रुग्ण ओळखला, आणि उंदीर, गटारे व कोंदट घरे यांकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत काय असते हे या शहराने पुढील काही वर्षे स्मशानांत मोजली. त्यानंतर एका वर्षाच्या आत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी जंतू सापडला. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांसंबंधी अहवाल सादर केला, तेव्हा त्यांचे बोट खाजगी आवारांतील विहिरी आणि टाक्या यांकडेच वळले होते. विहिरी बुजवण्यास अथवा झाकण्यास त्या काळी धार्मिक भावनेपोटी विरोध झाला. आज विहिरी उरल्या थोड्या आणि त्यांची जागा गच्चीवरील टाक्यांनी व उंच बांधकामांच्या तळघरांनी घेतली आहे. २०१० साली मुंबईत पाऊण लाखाहून अधिक लोकांस हिवताप झाला आणि शंभरावर माणसे दगावली, तेव्हा बांधकामांच्या जागी साचलेल्या पाण्याचीच चर्चा सर्वत्र झाली. म्हणजे शंभर वर्षांनंतरही उत्तर तेच: खाजगी आवारातील पाणी. रोगाचे मूळ माहीत आहे, उपाय माहीत आहे, कायदा हाती आहे. सातत्य तेवढे नाही, आणि सातत्य पैशाच्या खात्रीवाचून येत नाही.

सातत्याचा प्रश्न किती गंभीर आहे हे देशाच्या अनुभवावरून कळते. १९४७ साली भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि १९६५ च्या सुमारास वार्षिक रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास खाली आली. जगाने नवल करावे असे ते यश होते. पण त्या यशातच अपयशाचे बीज होते. रोग दिसेनासा झाला, तशी त्याची भीती गेली. भीती गेली, तशी दक्षता आणि तरतूदही ढिली पडली. डासांनी डी.डी.टी.ला दाद देणे सोडले, औषधांचा पुरवठा वेळेवर होईना, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. यातील शहरांचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम मुख्यतः ग्रामीण भागासाठी होता. शहरांनी अळीनाशाचे काम आपल्या खर्चाने करावे, असे गृहीत धरले होते. बहुतेक नगरपालिकांना ते पेलले नाही. १९७० साली माधोक समितीने या दुर्लक्षाची चौकशी केली आणि १९७१ पासून केंद्राला नागरी हिवताप योजना सुरू करावी लागली. स्थानिक काम स्थानिक संस्थेकडे सोपवायचे, पण त्यासाठी स्थानिक उत्पन्नाचे साधन द्यावयाचे नाही, याचा परिणाम दुसरा काय होणार होता?

डासांच्या कामाचे दुर्दैव हेच आहे. पूल बांधला तर तो दिसतो, रुग्णालय उभारले तर त्यावर कोनशिला बसते. न झालेल्या तापाचे उद्घाटन कोणी करीत नाही. हे काम जितके उत्तम चालेल तितके ते अनावश्यक वाटू लागते, आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत कात्री लागावयाची वेळ आली की ती प्रथम अशाच खात्यावर चालते. सर्वसाधारण निधीतून दरसाल मिळणाऱ्या तरतुदीवर ज्या कामाचे जीवित अवलंबून असते, त्याला यश हाच शाप ठरतो. स्वतंत्र आकारणीची आमची मागणी मुख्यतः या कारणासाठी आहे. अधिक पैसा मिळेल हा तिचा लाभ दुय्यम. दरवर्षी, तापाची साथ असो वा नसो, ठरलेला पैसा ठरलेल्या कामाला मिळेल, हा मुख्य.

अशा आकारणीचा दीर्घ अनुभव अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घेतला आहे, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. तेथे १९१५ साली डास निवारणाचा कायदा झाला. त्यान्वये एखाद्या परिसरातील लोकांना डास निवारणाचे स्वतंत्र क्षेत्र स्थापता येऊ लागले. त्याला स्वतःचे विश्वस्त मंडळ, स्वतःचे कर्मचारी आणि जमीनजुमल्यावरील करातून स्वतःचे उत्पन्न. १९७८ साली तेथील मतदारांनी मालमत्ता करावर एक टक्क्याची मर्यादा घातली, तेव्हा ही क्षेत्रे अडचणीत आली आणि त्यांपैकी काहींनी ‘लाभ आकारणी’चा मार्ग धरला. हिशेब असा की, डास कमी झाल्याने ज्या मिळकतीस जेवढा विशेष लाभ होतो तेवढ्यापुरतीच तिच्यावर आकारणी करावयाची. एक स्वतंत्र घर हे एक एकक धरतात. सदनिका, मोकळी जमीन, शेतजमीन, दुकाने यांना त्या मानाने कमी-अधिक वजन देतात. आकारणीपूर्वी अभियंत्याचा अहवाल तयार करावा लागतो. १९९६ साली तेथे झालेल्या घटनादुरुस्तीने हे नियम अधिक कडक केले. मिळकतीस होणारा विशेष लाभ आणि सर्व जनतेस होणारा सामान्य लाभ यांची फारकत केली पाहिजे, सामान्य लाभाचा खर्च मिळकतदारांच्या माथी मारता कामा नये, आणि सरकारी मिळकत केवळ सरकारी आहे म्हणून सुटता कामा नये, अशी तीन बंधने तीत आहेत. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये उतरलेला वेस्ट नाईल ज्वर २००३ मध्ये कॅलिफोर्नियात पोचला. २०१३ साली आपल्या परिचयाचा एडिस इजिप्ती तेथील काही शहरांत आढळला. आणि २०२३ साली पॅसाडेना व लाँग बीच येथे, परदेशप्रवास न केलेल्या माणसांना डेंगी झाल्याचे उघडकीस आले. संकट पूर्णपणे टळले असे म्हणता येणार नाही. पण संकट आले तेव्हा त्याला ओळखणारी, सापळे लावून डास मोजणारी आणि घरोघर जाणारी यंत्रणा पगारावर आधीपासून हजर होती. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी आली नाही.

या व्यवस्थेतील एक गोष्ट मात्र आपण मुळीच उचलू नये. १९९६ च्या दुरुस्तीप्रमाणे नव्या आकारणीचा प्रस्ताव टपालाने मिळकतदारांकडे पाठवतात आणि त्यांचा कौल घेतात. पण हा कौल डोकी मोजून ठरत नाही. ज्याची आकारणी अधिक त्याचे मत अधिक जड, आणि आकारणीच्या वजनाने विरोध जास्त भरला तर प्रस्ताव रद्द. भाड्याने राहणाऱ्यास, केवळ रहिवासी म्हणून, या कौलात स्थान नाही. पैसा देणाऱ्याचे मत विचारावे हे योग्यच आहे. पण डास चावताना सातबारा पाहत नाही. मुंबईत ज्यांच्या नावावर एक चौरस फूटही जमीन नाही अशी लक्षावधी माणसे आहेत, आणि तापाने पहिला रोजगार बुडतो तो त्यांचाच. या शहराने हा प्रयोग स्वतः करून टाकूनही दिला आहे. १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या चौसष्ट सभासदांपैकी बत्तीस निवडण्याचा हक्क करदात्यांना मिळाला, तेव्हा ती मोठी प्रगती वाटली, आणि होतीही. पण तो हक्क मिळकतीच्या मापाने मोजलेला होता. १९४८ साली प्रौढ मतदानाच्या पायावर निवडणूक झाली आणि ते माप इतिहासजमा झाले. डासांच्या निमित्ताने ते परत आणण्याचे कारण नाही. आकारणी मिळकतीवर असावी, निर्णय नागरिकांच्या निवडलेल्या प्रतिनिधींनी घ्यावा. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिली. अशा अवस्थेत कोणताही नवा कर बसवणे लोकशाहीच्या शिष्टाचारास धरून होणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

घरपट्टीच्या बिलात एखाद्या कामासाठी स्वतंत्र रक्कम घालणे आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या मालमत्ता कराचे बिल उघडून पाहावे. त्यात जललाभ कर आहे, मलनिःसारण लाभ कर आहे, शिक्षण उपकर आहे, वृक्ष उपकर आहे. ‘लाभ कर’ या शब्दातच सारे तत्त्व आलेले आहे. महाराष्ट्राने तर याहून मोठे उदाहरण घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला, आणि शहरातील पगारदाराने आपल्या पगारातून ग्रामीण मजुराच्या कामाला हातभार लावला. कै. वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेबद्दल महाराष्ट्राला आजही अभिमान वाटतो. परंतु विरुद्ध बाजूचे उदाहरणही घरातलेच आहे. १९६९ च्या कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. त्या इमारतींना आज ‘उपकरप्राप्त’ हेच नाव पडले आहे. उपकर भरला जात राहिला, पण दुरुस्तीचा खर्च त्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेला, आणि दर पावसाळ्यात जुनी घरे कोसळल्याच्या बातम्या आम्हांस छापाव्या लागतात. बिलात रक्कम घातली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मुंबई महापालिकेजवळ सहस्रावधी कोटींच्या मुदत ठेवी असताना नागरिकांपुढे पुन्हा झोळी कशासाठी? आमचे उत्तर असे. ठेवी आहेत हे खरे, पण त्यांपैकी बऱ्याच रकमा मोठ्या बांधकामांसाठी आणि देण्यांसाठी बांधलेल्या असतात. आणि ठेवी असतानाही टाक्या तपासणाऱ्याच्या जागा वेळेवर भरल्या जातातच असे नाही. तिजोरीत पैसा असणे निराळे आणि या कामाचा त्या पैशावर हक्क असणे निराळे. शिवाय मुंबईच्या वेशीबाहेर पाहावे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. तेव्हापासून राज्यातील लहान-मोठ्या महापालिकांच्या हाती घरपट्टी हेच मुख्य स्वतःचे साधन उरले आहे. त्यांच्याजवळ ठेवींचा डोंगर नाही, डास मात्र मुंबईइतकेच आहेत. तथापि मुंबईपुरते आम्ही असे सुचवतो की, आज डासांच्या कामावर सर्वसाधारण निधीतून जेवढा खर्च होतो त्यात एक रुपयाचीही कपात होऊ नये. नवे उत्पन्न जुन्याच्या जागी येणार असेल तर ती निव्वळ करवाढ होईल.

दुसरा आक्षेप गरिबांच्या बाजूचा आहे. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता कर माफ आहे. ही माफी या आकारणीसही लागू असावी. झोपडवस्त्यांत पाण्याची पिंपे भरलेली दिसतात आणि त्यांत अळ्या होतात, हे कोणी नाकारणार नाही. पण ज्या घरी नळाला घटकाभरच पाणी येते त्या घरच्या गृहिणीने पिंप भरून ठेवू नये, असे म्हणण्याचा अधिकार पाणी न पुरवणाऱ्यास नाही. तेथील काम हे महापालिकेचे मूळ कर्तव्य आहे आणि त्याचा खर्च सर्वसाधारण निधीतूनच झाला पाहिजे. उघडी गटारे, नाले आणि सार्वजनिक जागा यांनाही हाच न्याय. विशेष लाभाचा खर्च मिळकतीने द्यावा आणि सामान्य लाभाचा सर्वांनी, ही कॅलिफोर्नियातील फारकत आपणही कायद्यात शब्दशः घातली पाहिजे. जुन्या चाळींत मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये हा भार कसा वाटावा, हेही कायद्यानेच ठरवावे. ते दोघांच्या भांडणावर सोपवू नये.

आता अटींकडे वळू. पहिली, ही रक्कम कराच्या नावाने न येता शुल्काच्या रूपाने यावी. घेतलेल्या पैशाचा आणि दिलेल्या सेवेचा संबंध असला पाहिजे, ही कर आणि शुल्क यांतील भेदाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितली. पुढील निकालांनी ती काहीशी सैल केली असली तरी तिच्यातील नीती अबाधित आहे. दुसरी, आकारणी मिळकतीच्या बाजारभावावर नसावी. डासाला भाव कळत नाही, पाणी कळते. टाक्यांची संख्या, मोकळे आवार, तळघरे आणि बांधकामाची अवस्था यांवर ती बसवावी. चालू बांधकामावर तिचा दर कित्येक पटींनी अधिक असावा, कारण सर्वांत मोठा धोका तेथे असतो आणि तो भार घेण्याची ऐपतही तेथेच असते. तिसरी, जी सोसायटी वर्षभरातील तपासण्यांत निर्दोष ठरेल तिला भरघोस सूट मिळावी. सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंधारण यांसाठी पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. मग झाकलेल्या टाकीला ती का नसावी? चौथी, रेल्वेची यार्डे, सरकारी गोदामे आणि वसाहती यांना सूट नको. राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाने केंद्राच्या मालमत्तेस स्थानिक करातून मुक्तता दिली आहे, परंतु तिच्याकडून सेवा शुल्क घेण्याची वहिवाट आहे. ती येथेही चालवावी. पाचवी, प्रत्येक विभागाचे खाते वेगळे असावे, आणि त्या विभागात किती टाक्या तपासल्या, कितींत अळ्या सापडल्या, किती माणसे कामावर होती व किती पैसा शिल्लक राहिला, एवढी चार वाक्ये पुढील वर्षीच्या बिलामागे छापली जावीत. सहावी आणि अखेरची, पाच वर्षांनी ही आकारणी आपोआप संपुष्टात यावी. काम दिसले तर लोकप्रतिनिधींनी ती पुन्हा मंजूर करावी.

यांतील पाचवी अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मुंबईचा सुशिक्षित मध्यमवर्ग कर बुडवण्यासाठी प्रसिद्ध नाही. तो निमूटपणे भरतो आणि निमूटपणेच कुरकुरतो. बिलातील रकमा कोठे जातात हे त्याला कळत नाही, म्हणून तो विचारीत नाही. तो विचारीत नाही, म्हणून त्याला सांगण्याची कोणास गरज वाटत नाही. वृक्ष उपकरातून आपल्या विभागात गतवर्षी किती झाडे लागली आणि त्यांतील किती जगली, हे सांगू शकणारा करदाता विरळा. वेगळी रक्कम आणि वेगळा हिशेब यांमुळे निदान एका बाबतीत तरी नागरिकाला बोट ठेवून विचारता येईल की, माझ्या विभागातून एवढे पैसे गेले, मग माझ्या इमारतीची टाकी वर्षभरात कोणी तपासली? हा प्रश्न दरवर्षी सहस्रावधी तोंडांतून निघू लागला तर कीटकनाशक विभागाला तरतुदीसाठी कोणाचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत.

पैसे भरले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. महापालिकेचा माणूस आठवड्यातून एकदा येईल. कुंडीखालची बशी रोज आपल्यासमोर असते. तपासणीस आलेल्या कामगाराला दारातूनच परत पाठवणारे, गच्चीची किल्ली सापडत नाही असे सांगणारे, आणि नोटीस आली की ओळखीचा नगरसेवक शोधणारे सद्गृहस्थ या शहरात थोडे नाहीत. त्यांच्या घरी डेंगीचा रुग्ण निघाला की महापालिकेच्या नावाने पहिली ओरडही त्यांचीच असते. शुल्कामुळे कामगाराला पगार मिळेल; गच्चीचे दार उघडण्याचे काम आपले आपल्यालाच करावे लागेल.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात मुंबईचा १८८८ चा अधिनियम आणि इतर शहरांसाठीचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या दोहोंत आवश्यक ती दुरुस्ती मांडावी, तिचा मसुदा नागरिकांच्या हरकतींसाठी आधी प्रसिद्ध करावा, आणि महापालिकांनी आपापल्या विभागांत जाहीर सुनावणी घेऊन दर ठरवावेत, अशी आमची मागणी आहे. यंदाचा पावसाळा या व्यवस्थेवाचूनच काढावा लागेल, हे आम्ही जाणतो. पण पुढल्या वर्षीची अंडी यंदाच्या ऑक्टोबरातच घातली जातात. विचार करण्यास तोच काळ योग्य आहे, आणि नेमका तोच आपण दरवर्षी विसरण्यात घालवतो.